पिशवीतला पांढरा दगड

१

पिशवीतून दगड निघाला.

फादर एलादिओंनी दोरी सोडली, लोकरीची पिशवी टेबलावर उपडी केली, आणि आमच्या काळ्या याकोबऐवजी कॉफीच्या कपांमध्ये एक पांढरा दगड धपकन पडला. मुठीएवढा, ठोकून ठोकून चौकोनी केलेला. रेमे मावशी पाव कापत होती, तिने सुरी खाली ठेवली. मग सगळ्यांनी माझ्या भावाकडे बघितलं.

कारण पेटीची किल्ली ब्रेशोच्या गळ्यात असते. एकच किल्ली, दुसरी नाही.

"रात्री मीच पिशवी पेटीत ठेवली," ब्रेशो म्हणाला. "कुलूप लावलं. पिशवी रोजच्यासारखीच होती. तेवढीच जड."

"मग संत याकोबानेच कंटाळून दगडाचं रूप घेतलं असेल," सेन्योर लोसादा म्हणाले.

हे लोसादा म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. संत याकोबाच्या थडग्यासाठी स्पेनमध्ये सांतियागोला चालत येणाऱ्या यात्रेकरूंसाठी मंडळाची ही धर्मशाळा आहे, आणि आम्ही तिघं, म्हणजे मावशी, ब्रेशो आणि मी, ती चालवतो. लोसादांचं आसिबेचेरिया गल्लीत चांदीचं आणि आसिबेचेचं दुकान आहे. आसिबेचे म्हणजे काळा, चकाकणारा दगड, कोळशाचा श्रीमंत भाऊ. आमचा याकोब त्याचाच होता. वीतभर उंच, डोक्यावर शिंपला लावलेली टोपी, हातात काठी. सहाशे वर्षांपूर्वी त्याच गल्लीतल्या कोणीतरी कोरलेला. रोज जेवणानंतर तो हातोहात फिरतो. लोक त्याच्या कानात गाठी सांगतात, नवरे सांगतात, पोरं सांगतात. या शहरात झोपायला यापेक्षा बऱ्या जागा शंभर आहेत. आमच्याकडे येतात ते त्याच्यासाठी.

लहानपणी मला तो भट्टीतून काढलेल्या पावासारखा लागायचा, हलका आणि ऊबदार. नंतर तसा लागेना. मोठं झालं की असं होतं म्हणतात.

लोसादांनी फोन काढला. पहिला फोन माद्रिदला. म्युझियमची एक तज्ज्ञ बाई दुसऱ्या दिवशी मूर्ती तपासायला येणार होती. फादरांनीच तिला पत्र लिहून बोलावलं होतं, आणि आज पिशवी उघडली ती मूर्ती पुसून ठेवायला. "येऊ नका," लोसादा म्हणाले, "फार वाईट झालंय." मग दुसरा फोन, पोलिसांना.

इन्स्पेक्टर मोस्केरा बाई आल्या. कुलूप बघितलं, किल्ली बघितली, ब्रेशोची जुनी फाइल तर त्यांना पाठच होती. ब्रेशो किनाऱ्यावर सिगारेटी उतरवताना पकडला गेला होता, आणि खोक्यांत सगळ्या सिगारेटी नव्हत्या. आता तो सुटलाय, पण अर्धाच. राहायला पत्ता आणि हाताला काम असेल तोवर बाहेर. पत्ता हे घर, काम हे घर.

"सोमवारी न्यायाधीशांपुढे ये," बाई म्हणाल्या. "त्याआधी मूर्ती कुठंय ते आठवलं तर बरं."

"त्याने घेतली नाही," मी म्हटलं.

"पोरी, मोठी माणसं बोलताहेत," लोसादा म्हणाले.

मी कप भिंतीवर फोडला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर मी गप्प बसायचं.

ब्रेशोने खाली वाकून तुकडे वेचले. "साबेला," तो हळूच म्हणाला, "उगाच तापू नको. मला आत राहायची सवय आहे."

हे ऐकून मला जास्तच राग आला.

२

"कुलूप कोणी उघडलंच नाही," मी मावशीला म्हटलं. "दगड पेटीत जायच्या आधीच पिशवीत होता."

मावशी काल्दोसाठी, म्हणजे आमच्या रोजच्या सूपासाठी, भाजी चिरत होती. "ते कसं?"

"आठव ना. काल रात्री."

आमची रीत अशी. सगळ्यांत नवा यात्रेकरू मूर्ती पहिली हातात घेतो, सगळ्यांत म्हातारा शेवटी. शेवटचं गाणं सुरू होतं, सगळे डोळे मिटतात, आणि तो म्हातारा मूर्ती पिशवीत घालून दोरी आवळतो. मग ब्रेशो पिशवी पेटीत ठेवतो. उघडून कोण बघतो? आईने बाळाला कपडे घातले की आपण उघडून बघतो का?

"म्हणजे शेवटी बसलेल्यांपैकी कोणीतरी," मावशी म्हणाली. "शेवटी तो पोर्तुगीज म्हातारा होता, बेलमिरो. त्याच्या एका बाजूला ती जर्मन बाई आणि दुसऱ्या बाजूला फादर."

"फादरना सोड."

"मी कोणालाच सोडत नाही. पण ती जर्मन बाई पहाटेच पळाली. फिनिस्तेरेला, समुद्राकडे. नाश्तासुद्धा न करता. फुकटचा नाश्ता माणूस कधी सोडतो गं?"

मी आठवायला लागले. पाय धुणं माझं काम. शाळा सोडली तेव्हा मावशी म्हणाली होती, डोकं चालवायचं नसेल तर हात चालव. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी मीठपाण्याची घमेली घेऊन अंगणात बसते आणि देशोदेशीचे पाय धुते. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. इंगेबोर्ग, ती जर्मन बाई: अंगठ्याचं नख काळं पडलेलं, सारखी घाईत. बेलमिरो: जाड टाचा, हातांवर जुने भाजल्याचे डाग. त्यांची उजवी पोटरी तांब्यासारखी लाल आणि डावी पिठासारखी पांढरी होती. मी म्हटलं होतं, "आजोबा, तुम्हाला तव्यावर उलटायचं राहूनच गेलं." ते हसले नाहीत. पाय धुऊन घेताना ते माझ्याकडे बघतच नव्हते.

त्यांचं यात्रेचं पुस्तक, ज्यात वाटेतल्या गावांचे शिक्के मारतात, ते नदीत पडलं होतं म्हणे. आमच्याकडे फक्त फ्रेंच वाटेने, म्हणजे पूर्वेकडून चालत आलेल्यांनाच जागा मिळते, मंडळाचा जुना नियम. पण ब्रेशो म्हाताऱ्यांशी वाद घालत नाही. "कुठून निघालात?" एवढंच विचारतो. बेलमिरो म्हणाले होते, "फ्रान्सपासून." झालं.

"मी जर्मन बाईला गाठते," मी म्हटलं, आणि दगड खिशात घातला.

"पोलिसांचा पुरावा आहे तो."

"त्या टेबलावरच विसरून गेल्या, मावशी. त्यांना दगड नकोय, ब्रेशो पाहिजे."

३

शहर संपतं, ओढा लागतो आणि पलीकडे चढ सुरू होतो, तिथे इंगेबोर्ग बसली होती. बूट काढून, अंगठ्याला चिकटपट्टी लावत.

मी सरळच विचारलं. आडवळणं मला जमत नाहीत.

तिने माझ्याकडे बघितलं, मग न बोलता पाठीवरची पिशवी गवतावर रिकामी केली. दोन शर्ट, एक डबा, मलम, नवऱ्याचा फोटो. "बघ," ती म्हणाली. "खिसे पण बघायचेत?"

मूर्ती नव्हती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागच येतो. मी खिशातला दगड तिच्यापुढे धरला. "मग हा तुमचा का?"

"माझा? माझा दगड मी लोखंडी क्रॉसपाशी टाकला. डोंगरावर. सगळेच टाकतात. नवरा गेला तेव्हापासून तो माझ्या टेबलावर होता. घरून आणलेला दगड क्रॉसच्या पलीकडे कोण नेईल, पोरी? तिथे टाकायलाच तर आणतात."

मी दगडाकडे बघतच राहिले.

फ्रेंच वाटेवरून येणाऱ्या प्रत्येकाला तो क्रॉस लागतो. इथे पोचायच्या कितीतरी आधी. मग क्रॉस ओलांडून आलेल्या माणसाकडे दगड उरेलच कसा?

"शेवटी मूर्ती कोणाच्या हातात होती?" मी विचारलं.

"त्या म्हाताऱ्याच्या. गाणं चालू असताना मी डोळे उघडले होते, माझ्यावर रागावू नकोस. तो रडत होता. मी परत मिटले. रडणाऱ्या माणसाकडे बघू नये."

तिचे पाय माझ्यासमोर पसरलेले होते. डावी पोटरी भाजून सोललेली, उजवी बरी. बरोबरच आहे की. पश्चिमेकडे तोंड करून चालायचं, तर दक्षिणेचं ऊन डाव्या अंगावर. आमच्याकडे येणारे सगळे डावीकडूनच भाजलेले असतात. इतकी वर्षं बघतेय आणि कधी विचार केला नाही.

मग उजवीकडून कोण भाजतं? जो उत्तरेकडे तोंड करून सकाळी चालतो तो. म्हणजे जो दक्षिणेकडून येतो. पोर्तुगालकडून.

मी दगड उलटा केला. आमचं अख्खं शहर करड्या ग्रॅनाइटचं आहे. रस्ते, चर्च, थडगी, सगळं करडं. असे पांढरे चौकोन मी एकदाच बघितले होते. आईबरोबर सीमेपलीकडे पोर्तुगालात टॉवेल आणायला जायचे, तिथे फुटपाथ अशाच दगडांचे होते. मी लहान होते, काळ्या दगडावर पाय न ठेवता फक्त पांढऱ्यावरून उड्या मारत चालायचे.

बेलमिरो खोटं बोलले होते. पण ज्याला मूर्ती विकायची आहे तो माणूस ती हातात घेऊन रडेल कशाला?

४

फादर एलादिओ आमच्या छोट्या चॅपेलात एकटेच बसले होते. मी तिथे सहसा जात नाही. दारातूनच बोलले.

"फादर, बेलमिरो आजोबा कुठे गेले?"

"मला माहीत नाही."

"मूर्ती त्यांनी घेतली का?"

आता बघा. फादर बडबडे आहेत. काही माहीत नसलं तरी दहा मिनिटं बोलतात. या प्रश्नाला ते गप्प बसले. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर.

"फादर, सोमवारी ब्रेशोला आत टाकतील. तुम्ही त्याला बाप्तिस्मा दिलाय. त्याने चोरी केली असं तुम्हाला वाटतं?"

"नाही," ते लगेच म्हणाले.

"मग कोणी केली?"

त्यांनी जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

"हे मोस्केरा बाईंना सांगा."

"साबेला, मला काही विचारू नकोस. मी काही सांगू शकत नाही."

माहीत नाही असं नाही म्हणाले. सांगू शकत नाही, म्हणाले. पाद्री कधी सांगू शकत नाही? एकाच वेळी: कोणीतरी गुडघे टेकून त्याच्या कानात कबुली दिली असेल तेव्हा. एवढं तर शाळेत न जाताही कळतं.

"छान आहे," मी म्हटलं. "चोराचं गुपित पवित्र आणि माझा भाऊ गेला खड्ड्यात."

त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही.

बाहेर आले तेव्हा मला तीन गोष्टी कळल्या होत्या. फादर सकाळपासून घराबाहेर पडले नव्हते, म्हणजे कबुली द्यायला म्हातारा इथेच आला होता. मूर्ती घेऊन तो पळाला नव्हता, अजून शहरातच होता. आणि कबुली देऊनही त्याने मूर्ती परत केली नव्हती. का? त्याच्या लेखी ती जागेवर परत जायलाच नको होती. मग त्याला ती द्यायची होती कोणाला? आसिबेचेची मूर्ती घेऊन माणूस या शहरात एकाच गल्लीत जातो.

मी आसिबेचेरिया गल्लीकडे धावत सुटले.

५

लोसादांच्या दुकानासमोर, कमानीखाली, बेलमिरो उभे होते. पाठीवर पिशवी, उजवा हात कोटाच्या खिशात. दुकानात जाणाऱ्या बायका त्यांना भिकारी समजून वळसा घालत होत्या.

"आजोबा, खिशात हात घालून कधीपर्यंत उभे राहणार?"

ते दचकले. "तू पाय धुणारी पोरगी."

"आणि तुम्ही एकाच बाजूने भाजलेले. फ्रान्सचं ऊन डावीकडून लागतं."

ते पळाले नाहीत. आम्ही घोड्यांच्या कारंज्याच्या कठड्यावर जाऊन बसलो. त्यांनी खिशातून काळा याकोब काढून माझ्या हातात दिला. माझा हात खाली गेला. जड. आणि जुलैच्या उन्हात, त्यांच्या खिशातून निघूनही, आतून थंड.

"पिशवी तेवढीच जड होती," ब्रेशो म्हणाला होता.

आणि मला ते तिथे, कारंज्यापाशी कळलं. आसिबेचे लाकडासारखा हलका असतो. खऱ्या याकोबच्या जागी दगड घातला असता तर पिशवी उचलताक्षणी ब्रेशोला समजलं असतं. त्याला समजलं नाही, कारण तो रोजच दगडाएवढं जड काहीतरी उचलत होता.

"ही काच आहे," मी म्हटलं.

"माझी काच," बेलमिरो म्हणाले. "मी मारिन्या ग्रांदेचा. आमचं सगळं गाव काचेवर जगतं. हा दुकानवाला सेन्योर आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे आला, खरी मूर्ती घेऊन. म्हणाला, दुकानात मांडायला नक्कल पाहिजे, खरी कोणी पळवेल. मी ओतली. टोपीच्या कडेखाली बुडबुडा राहिला. म्हटलं, दुसरी करून देतो. म्हणाला, घाई आहे, चालेल."

त्यांनी बोट लावून दाखवलं. साखरेच्या दाण्याएवढा बुडबुडा.

"गेल्या हिवाळ्यात मुलीने मला पेपरातला फोटो दाखवला. कोणी बाई होती, डोक्यावर केस नव्हते. डोळे मिटून तिने मूर्तीवर ओठ टेकवले होते. माझ्या बुडबुड्यावर." त्यांनी बुडबुडा अंगठ्याने झाकला. "खाली तुमच्या घराची सगळी रीत लिहिली होती. कोण पहिला, कोण शेवटचा."

"आणि दगड?"

"माझ्या दारापुढच्या फुटपाथचा. पापाचं वजन पाठीवर कळावं म्हणून. लोक म्हणाले, वाटेत लोखंडी क्रॉस लागतो, तिथे टाक. मी रोज वाट बघितली. लागलाच नाही."

"तो दुसऱ्या वाटेवर आहे, आजोबा."

"इथे आल्यावर कळलं." ते कडवट हसले. "मग पिशवीत ठेवला. म्हटलं, पांढरा दगड बघून त्या माणसाला समजेल मी आलोय."

"त्याला समजलं असेल. पण त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं."

"कोणता भाऊ?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते उठून सरळ दुकानाच्या दाराकडे निघाले. मी कोट धरून त्यांना खाली बसवलं.

"इथे नाही. घरी. सगळ्यांसमोर."

पण मी स्वतः लगेच उठले नाही. आठ वर्षं. आठ वर्षांपूर्वी मी नऊ वर्षांची होते आणि आई हॉस्पिटलात होती. एका रात्री मी दोन्ही हातांत याकोब धरला, त्याच्या कानात सांगितलं, आणि पहिल्यांदा तो मला गार लागला. मेलेल्या माशासारखा. मला वाटलं, त्याने नाही म्हटलं. माझ्यातच काहीतरी आहे म्हणून नाही म्हटलं. आई फेब्रुवारीत गेली. त्यानंतर मी चर्चमध्ये गुडघे टेकले नाहीत.

ते कोणी नाही म्हटलेलंच नव्हतं. ती काच होती.

६

"पोराटोरांच्या गोष्टी," लोसादा म्हणाले.

जेवणघरात आम्ही सहा जण होतो. लोसादा, फादर, मावशी, ब्रेशो, बेलमिरो आणि मी. मोस्केरा बाई संध्याकाळी यायच्या होत्या.

मी मावशीचं मातीचं भांडं उलटं केलं. त्याचं बूड खरखरीत असतं. मूर्तीचा पाया त्यावर घासला. काहीच उमटलं नाही.

"आता तुमच्या गळ्यातली मूठ द्या."

लोसादांच्या साखळीत आसिबेचेची छोटी मूठ असते, दृष्ट लागू नये म्हणून. त्यांनी दिली नाही. मावशीने पुढे होऊन ती त्यांच्या शर्टाबाहेर ओढली, ते खुर्चीवर असतानाच, आणि भांडं त्यांच्या छातीला लावून घासली. तपकिरी रेघ.

"तुमच्या दुकानाच्या दारावरच लिहिलंय, खरा आसिबेचे कसा ओळखावा," मावशी म्हणाली. "तुमच्याच अक्षरात."

"आणि चोरी झाली तर माणूस आधी पोलिसांना फोन करतो," मी म्हटलं. "तुम्ही आधी माद्रिदला केला. तुम्हाला चोराची भीती नव्हती. तज्ज्ञ बाईची होती."

लोसादांनी बेलमिरोंकडे बघितलं. मग त्यांनी शर्टाचं बटण लावलं.

"या घराचं छप्पर पडत होतं," ते म्हणाले. "नगरपालिका घराला टाळं ठोकणार होती. कोणी पैसे दिले, आठवतंय? मी आणले. कुठून आणले, कोणी विचारलं? तुझी आई त्याच छपराखाली झोपायची, पोरी."

"त्याच वर्षी समुद्रावरच्या तुमच्या घराला माडी चढली," मावशी म्हणाली.

ते त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

फादर एलादिओ हळू आवाजात बोलले. "मलाही तो गार लागायचा. आठ वर्षं. मला वाटलं, म्हातारपणी माझीच श्रद्धा विझली. तज्ज्ञ बाईंना मी का बोलावलं माहितीये? कोणीतरी शिकलेल्या माणसाने सांगावं की मूर्ती खरी आहे, खोट माझ्यात आहे. मग मी पाद्रीपण सोडणार होतो."

लोसादांनी खुर्ची फादरांकडे वळवली.

मग ते म्हणाले, "फादर, हे शहर कशावर उभं आहे? एका साधूला रानात दिवे दिसले. बिशप म्हणाला, संताची हाडं. पुढे इंग्रज चाच्यांच्या भीतीने ती लपवली, इतकी छान लपवली की तीनशे वर्षं कोणाला सापडली नाहीत. मग सापडली. ती हाडं कोणाची, हे विचारत कोणी इतकं चालत येतं का? लोकांना हातात धरायला काहीतरी लागतं. ते तुमच्याकडे आहे. पेटीत ठेवा."

"आणि ब्रेशो?" मी म्हटलं.

"मूर्ती सापडली की तक्रार संपली. पण तुला खरं सांगायचं असेल तर जरूर सांग. मग हा म्हातारा पहिला चोर, कारण पिशवीत हात त्याने घातला. मी दुसरा. मंडळ बुडेल, घर बंद होईल. तुझ्या भावाचा पत्ता गेला, काम गेलं. सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी तो आत. हिशोब तू कर."

बेलमिरो म्हणाले, "मला पकडू द्या. मी त्याचसाठी आलोय."

"तुम्हाला पकडून हिचा भाऊ सुटत नाही," लोसादा म्हणाले. शांतपणे, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे.

मी ब्रेशोकडे बघितलं. वाटलं, तो टेबल उलथेल. मी त्याच्या जागी असते तर उलथलं असतं. पण तो खिडकीबाहेर अंगणाकडे बघत होता, दोरीवर वाळत घातलेल्या यात्रेकरूंच्या मोज्यांकडे.

"साबेला," तो म्हणाला, "ठेव ती पेटीत."

दारावर थाप पडली. मोस्केरा बाई लवकर आल्या होत्या.

"सापडली," लोसादा उठून म्हणाले. "फादरांनी पुसायला नेली होती, विसरले. वय झालं."

बाईंनी फादरांकडे बघितलं. फादर एलादिओ, ज्यांनी सकाळपासून एका चोराचं गुपित सांभाळलं होतं, त्यांनी मान हलवली. हो म्हणून. आयुष्यात इतकं छोटं खोटं कोणाला इतकं जड गेलेलं मी बघितलं नाही.

"आणि हा दगड?" बाईंनी विचारलं.

बेलमिरोंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले.

"माझा. मस्करी केली."

"सतरा वर्षांची घोडी झालीस," मोस्केरा बाई म्हणाल्या. "अक्कल कधी येणार?"

"आजच आली," मी म्हटलं.

७

बेलमिरो बसने परत गेले. तिकीट मावशीने काढलं. दगड ते नेत नव्हते आणि मी ठेवून घेत नव्हते, शेवटी तो स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून राहिला. लोसादा अजून अध्यक्ष आहेत. तज्ज्ञ बाईंना त्यांनी कळवलं की मंडळाने मूर्ती बाहेर न देण्याचं ठरवलंय, भक्तांच्या भावना आहेत. फादर एलादिओंनी पाद्रीपण सोडलं नाही. पण आता ते कमी बोलतात.

सप्टेंबरात ब्रेशोची अट संपली. दुसऱ्याच आठवड्यात तो मासेमारीच्या बोटीवर उत्तरेकडे गेला. जाताना किल्ली माझ्या गळ्यात घातली. "तिकडे कोणी कोणाच्या पेट्या मोजत नाही," म्हणाला. ख्रिसमसला येईन म्हणाला होता, आला नाही.

रोज संध्याकाळी पाय धुऊन झाले की मी पेटी उघडते. मूर्ती काढते, स्वेटरच्या आत बगलेत दाबून धरते आणि तशीच एका हाताने काल्दो ढवळत राहते. मावशी पहिल्यांदा बघून म्हणाली, "काय अंडं उबवतेयस?" नंतर काही म्हणाली नाही. काचेला अंगाची ऊब धरायला वेळ लागतो. जेवण संपेपर्यंत धरते.

शेवटच्या माणसाची मला काळजी नसते. तिथवर ती इतक्या हातांतून जाते की आपोआप गरम होते. काळजी पहिल्याची असते.

परवा एक बाई नवीन होती. तिचे पाय मी धुतले होते, सुजलेले. बोटाला धरून एक मुलगी आणली होती, आठ-नऊ वर्षांची, डोक्याला रुमाल बांधलेली. मूर्ती पहिली त्या मुलीच्या हातात गेली. तिने दोन्ही हातांनी धरली, कानाला ओठ लावले, कितीतरी वेळ काहीतरी सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, हा गरम आहे."

आईने माझ्याकडे बघितलं, मी काही सांगेन म्हणून.

"असतोच तो," मी म्हटलं, आणि पायधुणीचं पाणी ओतायला अंगणात गेले.